नव्या नळीत जुना गज

मी सिंगापूरला निघाले त्या सकाळी बाबांनी माझी खांद्यावरची बॅग अंगणात नेली, उलटी केली आणि पायरीवर धोब्यासारखी आपटायला सुरुवात केली. गाडी दारात उभी होती. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. आई दह्याची वाटी घेऊन ताटकळली होती. बाबा मात्र बॅगेच्या शिवणी खिळ्याने उकरून बघत होते. बॅग मूळची त्यांचीच. जाड कापडाची, मजबूत. मी हट्टाने मागून घेतली होती. पण इतकी वर्षं ते तिच्यातून शेतावर बंदुकीच्या केपा, म्हणजे ठिणगी पाडणाऱ्या छोट्या टोप्या, न्यायचे, आणि एखादी केप शिवणीत अडकून राहिली असेल ही शंका त्यांच्या मनातून जाईना. शेवटी म्हणाले, "तिकडे एक केप गावली तरी उभ्या जाग्यार आत घालतले," आणि बॅग काढूनच घेतली. मी परदेशी आले ती एका सराफाच्या दुकानाचं नाव छापलेली लाल पिशवी खांद्याला लावून. तरीही चांगी विमानतळावर उतरल्यावर ती पिशवी तपासणीच्या यंत्रातून जाताना मी डोळे मिटून घेतले होते. पिशवीत पोह्याचे पापड होते.

आमच्या घरात बंदूक होती असं इथे कुणाला सांगायची सोय नाही. सिंधुदुर्गात त्यात नवल नव्हतं. डुकरं आणि माकडं शेताचं मातेरं करतात म्हणून शेतीसंरक्षणाचा परवाना मिळतो, आणि त्यावर ठासणीची बंदूक ठेवता येते. नळीच्या तोंडातून बंदुकीची दारू ओतायची, वर चिंधी, मग छर्रे, आणि लांब गजाने ठासून बसवायचं. भरलेल्या बंदुकीला आम्ही "बार भरलेली" म्हणतो. निवडणूक आली की गावातल्या सगळ्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा व्हायच्या. तेवढे दिवस आई फार आनंदात असायची. गावात एरवी निवडणुकीचा इतका आनंद उमेदवारालासुद्धा होत नसेल. आईची भीती माझ्यात उतरली, आणि बाबांचा हट्टही. दोन्ही एका अंगात असले की माणूस सुखाने झोपत नाही.

आता मी जुरोंग ईस्टला राहते आणि तुआसला जहाजांचे व्हॉल्व्ह बनवणाऱ्या कारखान्यात तपासणीचं काम करते. नवरा महिन्यातले निम्मे दिवस कामासाठी बाहेरगावी असतो. मुलगी ईरा इथेच वाढली. एकदा हॉकर सेंटरमध्ये नूडल्स खाता खाता तिने शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीला मोठ्याने सांगितलं, "माय आजोबा हॅज अ गन, लाह! रिअल वन!" माझ्या हातातला चमचा खाली पडला. मी आजूबाजूला पाहिलं. एक म्हातारे चिनी गृहस्थ शांतपणे सूप पीत होते. त्यांनी मान वर केली आणि मला वाटलं, संपलं. आता कामाचा पास रद्द, घर रद्द, शाळा रद्द. त्यांना फक्त टिश्यूचं पाकीट हवं होतं. मी ते दिलं आणि ईराला घरी नेऊन दम भरला. ती म्हणाली, "बट इट्स ट्रू." खरं होतं म्हणूनच तर घाबरले होते.

तुम्ही जे माझ्यासारखे निघून आलात त्यांना हे कळेल. आपण इथे पाहुण्यासारखे वागतो. आवाज खाली, कागद जागेवर, रांगेत उभं राहायचं, आणि मागे काय सोडून आलो त्यातलं निम्मंच सांगायचं. जे मागे राहिले त्यांना वाटतं आम्ही इथे निर्धास्त आहोत.

गेल्या वर्षी बाबांची जुनी बंदूक दगा देऊ लागली. तिची केप बाजूच्या चोचीवर बसायची. ती चोच झिजली होती, आणि एकदा ठिणगी आत जायच्या ऐवजी बाहेर उडून बाबांची भुवई जळली. आईने ही गोष्ट महिनाभर लपवली. व्हिडिओ कॉलवर बाबा टोपी खाली ओढून बसत तेव्हा मला वाटायचं, थंडी असेल. कोकणात, एप्रिलमध्ये!

कळल्यावर मी म्हटलं, परवाना परत करा. बाबांनी उलट परवान्यावर नवी बंदूक चढवायचा अर्ज केला. दुकानदाराने त्यांना नव्या पद्धतीची ठासणीची बंदूक दाखवली होती. तिला इनलाइन म्हणतात, कारण तिची केप बाजूला नसते, नळीच्या थेट पाठीमागे एका सरळ रेषेत बसते. ठिणगी सरळ दारूत जाते. पाठीमागे एक मोठा स्क्रू असतो. तो काढला की नळी आरपार दिसते, धुता येते. अर्ज मंजूर झाला, बंदूक घरी आली आणि बाबा नव्या जावयाचं करावं तसं तिचं कौतुक करू लागले.

मी मात्र त्या दिवसापासून एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, मोबाइलचा उजेड अगदी कमी करून, भिंतीला पाठ लावून, ठासणीच्या बंदुकांबद्दल वाचू लागले. ऑफिसच्या लॅपटॉपवर ते शब्द टाइप करायची माझी छाती नव्हती. शेजारी कुणी बसलं की मी पटकन भाज्यांचे भाव उघडायचे. वाचलं त्यातलं एक मनात रुतून बसलं. अपघात बंदूक नवी म्हणून होत नाहीत, हात जुना राहतो म्हणून होतात. जुन्या बंदुकीला दारू किती ते हाताला पाठ असतं, नव्या बंदुकीला ते चालत नाही. केप वेगळी. मागच्या स्क्रूला प्रत्येक वेळी ग्रीस लावायचं, नाहीतर तो जाम होतो. जुन्या बंदुकीत हे काहीच नव्हतं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे एका बारावर दुसरा बार. नळीत आधीच दारू असताना माणूस विसरतो, पुन्हा भरतो, आणि चाप ओढल्यावर नळी त्याच्या तोंडाशी फुटते. हे मी बून ले स्टेशनवर वाचलं आणि तिथेच उतरून बाकावर बसून राहिले. पुढच्या गाड्या येत होत्या आणि जात होत्या.

बाबांना हे सगळं सांगितलं. ते म्हणाले, "मी बंदूक धरलंय तेव्हा तुझो जन्मसुद्धा नाय झाललो." खरंच होतं. त्यांच्या हातून कधी चूक झाली नव्हती. मला भीती त्यांच्या अज्ञानाची नव्हतीच. ते फोनवर एकच गोष्ट पुन्हा सांगू लागले होते, गायीचं नाव विसरू लागले होते. त्याविषयी मी आईला विचारत नव्हते आणि आई मला सांगत नव्हती.

मग तो रविवार आला. इथे दिवेलागण झाली होती, तिथे उन्हं अजून वर होती. बाबांनी फोन अंगणातल्या खुर्चीवर टेकवून ठेवला होता आणि संध्याकाळी शेतावर जायची तयारी मला दाखवत होते. दारूची बाटली शेजारी, छर्रे वाटीत. आधी त्यांनी गज नळीत सोडला, कारण भरण्याआधी नळी रिकामी आहे ना हे बघायचं असतं. ती त्यांची कधीही न चुकणारी सवय. गजावर त्यांनी फार पूर्वी कानशीने खूण केली होती. नळी रिकामी असेल तर गज आत तळाला जातो आणि ती खूण बरोबर नळीच्या तोंडाशी येते. आत बार असेल तर गज अडतो आणि खूण वरच राहते. साधा हिशेब.

"हां बघ, खूण तोंडार इली. रिकामी असा," बाबा म्हणाले. "कालचो बार कालच काढलंय."

आई मागे तांदूळ निवडत होती. ती सहज म्हणाली, "काल खंय बार काढलात? आवाज झालो नाय. डुकरा इलीच नाय काल."

बाबांनी दारूच्या बाटलीचं बूच उघडलं होतं.

मी गजाकडे बघत होते. पितळी टोकाचा, काळा पडलेला, जुना गज. नव्या बंदुकीसोबत आलेला गज त्यांना आवडला नव्हता, काडीसारखा वाटला होता. म्हणून नव्या नळीत त्यांनी जुनाच गज घातला होता. खूण जुन्या नळीची. आणि मी वाचलेल्या मापाप्रमाणे नवी नळी आतून चार बोटं जास्त खोल. म्हणजे आत बार असला तरी गज तेवढा खाली जाणार आणि खूण बरोबर तोंडाशी येणार. आमच्या कारखान्यात एका व्हॉल्व्हचं माप दुसऱ्याला लावलं तर अख्खा माल परत येतो. इथे माझे वडील बसले होते.

मी पुण्यात शिकले, तेव्हापासून पुस्तकी मराठी बोलते. घाबरले की मालवणी बाहेर येते. "बाबा, थांबा! दारू घालू नकात! हात काढा!"

ईरा आतल्या खोलीतून धावत आली. "मम्मा, व्हाय यू शाउटिंग लाह?" मी तिला हातानेच गप्प केलं. बाबा चिडले होते. "खूण दिसता मां? माका काय कळणा नाय?" मी म्हटलं, तुम्हाला सगळं कळतं, फक्त माझं एक ऐका. केप बसवलेली नाही ना ते आधी बघा. नव्हती. नळी समोरच्या मातीच्या बांधाकडे करा. आता गज आत आहे तिथेच, नळीच्या तोंडाशी बोटाने धरा, तसाच बाहेर काढा, आणि नळीच्या बाहेरून लावून बघा, पाठीमागच्या स्क्रूपर्यंत पोचतो का.

बाबांनी लावून बघितला. चार बोटं कमी पडला.

पडद्यावर काही हललं नाही. मला वाटलं नेटवर्क गेलं. मग आईच्या सुपातले तांदूळ सांडल्याचा आवाज आला, तेव्हा कळलं की फोन चालू आहे आणि ते दोघंही नुसते बसले आहेत.

आत बार होता. त्यावर ते दुसरा भरणार होते. मी फोन केला नसता, आईने तोंड उघडलं नसतं, तर आज मी हे लिहीत नसते.

पुढचं काम सोपं असायला हवं होतं. नव्या बंदुकीचा हाच मोठा फायदा की मागचा स्क्रू काढला की दारू आणि छर्रे मागून ढकलून बाहेर काढता येतात, बार उडवावा लागत नाही. बाबांनी पाना लावला. स्क्रू हलेना. ग्रीस लावायचं ते विसरले होते. जोर लावताना पाना दोनदा निसटला. मी म्हटलं, जोर नको. तेल सोडा आणि राहू दे. बंदूक मागच्या रिकाम्या गोठ्यात आडवी ठेवा, नळी भिंतीकडे, आणि दाराला कुलूप लावून किल्ली आईकडे द्या. बाबांनी किल्ली निमूटपणे दिली. त्यांनी वाद घातला नाही याचीच मला जास्त भीती वाटली.

सोमवारी तुआसला कामावर फोन लॉकरमध्ये ठेवावा लागतो. जेवणाच्या सुट्टीपर्यंत मी किती व्हॉल्व्ह पास केले ते मला आठवत नाही, शेजारच्या तमिळ सहकाऱ्याने दोन परत माझ्यासमोर ठेवले आणि हिंदीत विचारलं, "दीदी, तबीयत ठीक है?" सुट्टीत लॉकर उघडला. आईने फोटो पाठवला होता; रात्रभर तेल मुरून स्क्रू सुटला होता. वर्तमानपत्रावर काळ्या दारूचा ढीग, छर्रे, आणि शेजारी तो स्क्रू. मी कँटीनच्या दारात उभी राहून रडले. मग बाबांना फोन केला.

मला वाटलं होतं ते हसण्यावारी नेतील. ते हसले नाहीत. मग म्हणाले, "अजून पटणा नाय गो माका. बार काढल्याचाच आठवता."

परवान्यावरची बंदूक बदलता येते. नव्या गजावर नवी खूण करता येते. ती मी गणपतीत जाऊन करणार आहे, तोवर किल्ली आईच्या कमरेला. पण ह्या वाक्यावर मी काय करू, हे मला कुठेही वाचायला मिळालं नाही.

घर म्हणजे काय असं इथली मंडळी एकमेकांना सणावारी विचारतात. मग कुणी माशाचं कालवण सांगतं, कुणी अंगण. पूर्वी मीही सांगायचे. आता मला घर म्हटलं की आधी भीती वाटते. तिथून फोन आला तर वाटते, नाही आला तर जास्त वाटते. आणि ही भीती जाऊ नये असंही वाटतं, कारण ती जाईल तेव्हा तिथे कुणासाठी घाबरावं असं कुणी उरलेलं नसेल.

आता मी कामावरून निघाले की रोज फोन करते. बाबा विचारतात, "जेवलंस गो?" मी सांगते, अजून नाही, घरी जाऊन जेवेन. ते डुकरांचं सांगतात, काजूचं सांगतात. मग थोडं थांबून पुन्हा विचारतात, "जेवलंस गो?" आणि मी, पहिल्यांदाच विचारल्यासारखं, सांगते, अजून नाही बाबा, घरी जाऊन जेवेन.