भिशीवाल्या शकूचा शब्द

कोपरच्या गावठाणात शकू म्हात्रेला ओळखत नाही असं माणूस सापडायचं नाही. सासरे मिठागरात राबले, पुढे जमिनीवर इमारत उभी राहिली आणि घरात भाडं येऊ लागलं. पण शकूचा मान काही इमारतीमुळे नव्हता, तो भिशीमुळे होता. दर महिन्याला गल्लीतल्या बायका तिच्या ओटीवर जमायच्या, पैसे टाकायच्या आणि शकू डब्यातून एक चिठ्ठी काढायची. जिचं नाव निघेल तिने सगळी रक्कम उचलायची. निघालेली चिठ्ठी फाडून टाकायची, त्यामुळे उशिरा का होईना, प्रत्येकीचा नंबर लागायचाच. इतक्या वर्षांत कुणाचा रुपया इकडचा तिकडे झाला नाही. साहजिकच बायका औषधापासून जावयापर्यंत सगळं शकूला विचारायच्या आणि शकूही, माहीत असो नसो, सांगायची. ‘मना माहीत नाय’ हे शब्द तिच्या तोंडून नवऱ्यानेसुद्धा कधी ऐकले नव्हते.

अशा बाईच्या हातात दर्शनाने मोबाइलवरचा तो पैसे लावायचा रॉकेटचा खेळ दिला. दर्शना भिशीतलीच, शेजारची. खेळावर बंदी आल्याचं टीव्हीवर सांगत होते, पण तिच्या मोबाइलवर कुठून तरी लिंक यायचीच. शकूने चार दिवसांत सगळे शब्द पाठ केले आणि मग दुपारी ओटीवर तिची शाळाच भरू लागली.

रॉकेट उडायच्या आधी पैसे लावायचे, ती बेट. रॉकेट वर जाईल तसा आकडा चढतो, दीडपट, दुप्पट, तिप्पट, तो मल्टिप्लायर. पोरं त्याला नुसतं एक्स म्हणतात. वर जात असतानाच बटण दाबून तेवढ्या पटीने पैसे काढून घेतले की तो कॅशआउट. बटण दाबायच्या आधीच रॉकेट फुटलं तर तो क्रॅश, लावलेले पैसे बुडाले. अमुक पट झाली की आपोआप काढ, असं आधीच सांगून ठेवलं तर ते ऑटो कॅशआउट. आणि वरच्या बाजूला मागची रॉकेटं कुठे कुठे फुटली त्याची पट्टी दिसते, ती हिस्टरी.

इथपर्यंत शकूचं काहीच चुकलं नव्हतं. चूक पुढे झाली, आणि ती भिशी चालवणाऱ्या बाईकडूनच व्हावी अशी होती. ती पट्टीवर बोट ठेवून सांगायची, “हे बगा, लागोपाट सगली खालीच फुटली ना? मंजे आता मोठ्याचा नंबर हाय. आज ना उद्या लागनारच.” स्वतः ती थोडेच पैसे लावायची आणि दीडपटीला ऑटो कॅशआउट ठेवायची. दोन-तीनदा ऑटो काढून वाट पाहिली, तर मोठा आकडाही तिला लागला. मग काय, अर्ध्या हळकुंडाने पिवळी झाली.

तिची सून ऐश्वर्या डोंबिवलीत क्लासमध्ये गणित शिकवायची. तिने एकदा हे ऐकलं आणि बायका गेल्यावर हळूच म्हणाली, “आई, भिशीत निघालेली चिठ्ठी तुम्ही फाडता, म्हणून सगळ्यांचा नंबर लागतो. इथे दर खेपेला सगळ्या चिठ्ठ्या परत डब्यात पडतात. मागचं रॉकेट कुठे फुटलं हे पुढच्याला ठाऊकच नसतं. आणि डब्यात खेळ चालवणाऱ्याच्या चिठ्ठ्या जास्तच असतात. सगळ्यांचं मिळून पाहिलं तर फायदा त्याचाच.”

“तू मना भिशी शिकव आता,” शकू म्हणाली आणि कुकर लावायला उठली. पण ते फाडलेल्या चिठ्ठीचं शकूच्या डोक्यातून जाईना.

पुढच्याच आठवड्यात विमलाबाई आली. ब्लाउज शिवून पोट भरणारी, एकटी बाई. नव्या मशीनसाठी तिने नुकतीच भिशी उचलली होती. बसली, पाणी प्यायली आणि शांतपणे म्हणाली, “शकू, या म्हयन्याची भिशी मना दे ना. जिची निघंल तिच्याकडनं उसनी मागून दे.”

“अगो, तू तं आताच उचललीस! मशीन?”

“ते पैसे रॉकेटमदी हायेत.” बँकेत ठेवल्यासारखं ती सांगत होती. “सकालधरनं सगली खालीच फुटतात. तू सांगितलंस तसा नंबर आता जवल आला. आता थांबली तं आदीचे फुकट जातील.”

विमलाबाईने शिव्या घातल्या असत्या तर शकूला बरं वाटलं असतं. तिने सुनेचं सगळं म्हणणं, फाडलेल्या चिठ्ठीसकट, जसंच्या तसं सांगितलं. शेवटी म्हणाली, “तिथं नंबर नसतोच गो. मी चुकली. मना माहीत नव्हतं.”

विमलाबाईने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “तुजा लागला तवा नंबर होता. माजी पाली आली तं नंबरच नाय?” आणि उठली. “ऱ्हाऊ दे. दर्शनाकडनं घेतं.”

शकूने चपलाही घातल्या नाहीत, तशीच तिच्या मागे गेली. दर्शनाच्या दारात विमलाबाई पैसे मागत होती. शकू धापा टाकत म्हणाली, “दर्शना, हिला एक रुपया देऊ नको. नंबर लागतो म्हनून मी सांगितलं ना, ते पार खोटं हाय.”

दर्शनाने एकदा विमलाबाईकडे पाहिलं, एकदा शकूकडे, आणि ती हसायलाच लागली.

“काय बाय शकू! तुला तिची कालजी, म्हनून बोलतंस व्हय?” ती म्हणाली. “तुजा शब्द आजवर कंदी खोटा झालाय?” आणि पर्स आणायला आत गेली.