अण्णानं न प्यायलेलं पाणी

अण्णा गेल्याची बातमी चिखलीला कुणी कळवलीच नाही, हे आमच्या लक्षात आलं तेव्हा तेरावाही उलटून गेला होता. लांबच्या नातलगांना तारा गेल्या, आणि माझा हा थोरला भाऊ ज्यांच्या मातीसाठी वर्षानुवर्षं दर रविवारी राबला, त्या घरी मात्र कुणी फिरकलं नाही. शेवटी आकुर्डीहून मीच निघाले. काय तोंडानं सांगणार होते कोण जाणे...

अण्णाचा चिखलीत छोटा कारखाना होता, मोठ्या कंपन्यांना सुटे भाग करून देणारा; वय झाल्यावर त्यानं तो विकला. सल्ला कुणी मागायच्या आत तो देऊन मोकळा व्हायचा. शेजारी सखाराम आणि पारूबाई या बौद्ध जोडप्याचं शेत. गावच्या विहिरीवर त्यांना पाणी भरू देत नव्हते, त्या काळात सखारामच्या वडिलांनी स्वतः खणलेली विहीर त्या शेतात होती, आणि सगळ्या घराचा जीव तिच्यात. रहाटाच्या खांबांना वाळवी लागलीय, असं सखाराम एकदा सहज बोलला. झालं! यंत्रांतून काढलेलं जळकं ऑइल वाळवीवर रामबाण, असं आमच्याकडे जो तो सांगतो. अण्णानंही सांगितलं, वर पिंपभर फुकट दिलं. कारखान्यातलं ऑइल टाकायचं कुठं, हा प्रश्नही परस्पर सुटला, म्हणून पुढची पिंपंही विहिरीजवळच्या बांधावर रिकामी होत राहिली. पावसाळ्यात ते सगळं विहिरीत उतरलं. पाण्यावर रंगीत तवंग आला आणि बांधालगतची माती काळी, चिकट झाली. तिथं गवताची काडी उगवेना.

"सखाराम भांडला असता तर बरं झालं असतं," अण्णा मला म्हणाला. "तो म्हणतो, तुमी काय मुद्दाम केलं व्हय? आता याला काय बोलू मी?"

त्यानं विहीर पुन्हा पुन्हा उपसून घेतली, तोवर टेम्पोनं त्यांना पिण्याचं पाणी पोचवलं. काळी माती खरवडून कारखान्याच्या अंगणात पातळ पसरली. मातीतले जंतूच तेल खातात, त्यांना फक्त हवा, ओल आणि खत द्यायचं, असं त्यानं कुठंतरी वाचलं होतं. मग काय, दर रविवारी शेणखत आणि भुसा कालवायचा, पाणी शिंपडायचं, फावड्यानं वरखाली करायचं, दमला की शेजारी त्यांच्या ओट्यावर टेकायचं. "शेण कालवायला इंजिनिअर झालात का?" असं वहिनी फणकारायची, आणि तो मुकाट्यानं जुने कपडे चढवून निघायचा. त्या मातीत त्यानं मेथी पेरून पाहिली, ती पिवळी पडून गेली. पुन्हा पेरली, पुन्हा गेली. काही वर्षांनी एकदाची हिरवी राहिली, तेव्हा ती माती त्यानं शेतात परत नेऊन पसरली आणि माझ्याकडे येऊन लहान मुलासारखा रडला. विहीर तर त्याआधीच निवळली होती. तिचं पाणी मात्र तो कधीच प्यायला नाही. मी कारण विचारलं, तर म्हणाला, "जिच्यात मी तेल ओतलं, तिचं पाणी कुठल्या तोंडानं मागू?" मला ते फार थोर वाटलं होतं.

पारूबाईनं दारातच ओळखलं. बातमी ऐकून तिनं सखारामला बांधावरून हाक मारून बोलावलं. मग ती आत पाण्याच्या हंड्याशी गेली आणि तिथंच थांबली.

"पाणी देऊ का, ताई?"

असं का विचारते, मला कळेना. पाहुण्याला पाणी द्यायला कधी कुणी विचारतं का?

"अण्णा घ्यायचे न्हाईत ना," ती हळूच म्हणाली. "आदी आमाला वाटलं, तेलाचा वास येत आसंल. मग पाणी निवळलं, आमी प्यायला लागलो, गुरं प्यायला लागली. तरी ते न्हाईच म्हणायचे. घरून फिरकीचा तांब्या आणायचे, त्यातलंच प्यायचे. मग आमाला वाटायचं ते वाटलं... आमच्या हातचं कसं घेतील?"

मी घाईघाईनं खरं कारण सांगितलं. सांगताना माझेच कान गरम झाले. आमच्यासारख्या घरातल्या माणसानं, विहिरीची सगळी कहाणी ठाऊक असताना, त्यांच्या ओट्यावर बसून स्वतःच्या तांब्यातलं पाणी प्यायचं, याचा अर्थ काय होतो हे अण्णाला एकदाही सुचलं नव्हतं. आणि थोर थोर म्हणणाऱ्या मलाही नाही. तो आपल्या शरमेत इतका गुंतला की ती दुसऱ्याला कशी दिसते हे बघायचंच राहून गेलं. माती स्वच्छ करून दिली आणि तीच जुनी घाण त्यांच्या ओट्यावर ठेवून आला.

"मग सांगायचं की एका शब्दानं," सखाराम म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच मला सोसवेना.

मी पाणी मागून घेतलं. प्याले, पुन्हा मागितलं. त्यानं काही भरून निघालं असं मी म्हणणार नाही. पारूबाई समोर उभी राहून मला पिताना बघत होती.

तो फिरकीचा तांब्या वहिनीनं आठवण म्हणून मला दिलाय. माझ्या फडताळात आहे, अण्णाच्या हातून पडून आलेल्या पोच्यासकट. त्यात पाणी भरून मी कुणाच्या घरी जायची नाही.