ओली टाळू

माझं माहेर नगरच्या मिशन मंडळीतलं, म्हणजे प्रोटेस्टंट, तर सासर सोनईजवळचं कॅथलिक. मुलांचा बाप्तिस्मा माझ्या माहेरच्या चर्चमध्ये करायचा, हे मी लग्नाआधीच नवऱ्याकडून कबूल करून घेतलं होतं. सासूबाई त्यावर काहीच बोलल्या नाहीत, म्हणून मला त्यांचा जास्तच संशय यायचा.

दुष्काळात मुलगी झाली. महिन्याभरात तिला सणकून ताप भरला. मी टँकरचं पाणी घेऊन आले, तर ती सासूबाईंच्या मांडीवर होती आणि तिची टाळू ओली होती.

"काय केलंत, आत्याबाई?"

"तापाची पट्टी ठिवली."

पट्टी कुठेच दिसेना.

"खरं सांगा."

"व्हय, टाळूवर पाणी घालून दिला बाप्तिस्मा. पोरगी हातची चालली हुती. अशा वक्ताला कुणीबी देऊ शकतं. फादरची वाट बघत बसू?"

मी मुलीला ओढूनच घेतलं.

ताप उतरल्यावर तिला नगरला नेलं. आमचे पाळकसाहेब म्हणाले, "पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने दिलाय ना? मग तो झाला. पुन्हा देता येणार नाही."

हेही सासूबाईंनाच सामील, असं मला वाटलं. पुढे कित्येक महिने मी मुलीला सासूबाईंजवळ न ठेवता कडेवर घेऊनच पाण्याला जात असे. आता भ्यायचं काय उरलं होतं, ते मलाही सांगता आलं नसतं.