लेखिकेच्या खोलीच्या काचा

अकरा खिडक्यांच्या चौकटी, दोन दारं, एक जिना आणि व्हरांड्याच्या कठड्याचे बावीस गज: एवढं माधवकाका सबनीस यांनी स्वतःच्या हातांनी घडवलं. कुणी गज मोजून तेवीस सांगेल. तेविसावा माझा आहे.

निवृत्तीनंतर काका अमेरिकेत, जॉर्जिया राज्यातल्या आमच्या छोट्या गावी आले आणि जुन्या पेठेत त्यांनी एक मोडकळीला आलेलं घर घेतलं. तेव्हापासूनची आमची ओळख. या घराच्या वरच्या खोलीत पूर्वी एक लेखिका भाड्याने राहत. त्यांची कादंबरी काकांनी नागपूरला कॉलेजात वाचलेली. ती इथेच लिहिली गेली, म्हणून ही खोली वाचकांना कायम विनामूल्य उघडी राहावी, हा काकांचा ध्यास.

सुतारकाम मी कुणाच्या हाताखाली शिकलो नाही, तरी गावात माझ्या कामाला नाव आहे. चौकटी काकांनी केल्या, काचांचं काम माझ्याकडे दिलं. लेखिकेच्या खिडकीला मी लखलखीत नव्या काचा बसवल्या आणि जुन्या, लाटा पडलेल्या काचा डम्पस्टरमध्ये, म्हणजे दारातल्या मोठ्या कचरापेटीत, टाकल्या.

काका खिडकीशी उभे राहिले. “मिस्त्री, रस्ता कुठे गेला?”

“समोरच आहे की, काका. आता कुठे नीट दिसतोय!”

“तीच तर पंचाईत. कादंबरीत बाईंचा रस्ता पाण्यासारखा हलतो. आम्ही त्याला प्रतिभा म्हणत होतो. ती तर काच होती हो!”

खालून काकू म्हणाल्या, “चला, त्या बाईपायी आता कचऱ्यात उतरा!”

सत्तरीचे काका खरंच उतरले, मागोमाग मी. सहापैकी पाच काचा शाबूत निघाल्या. जुन्या घरांचं मूळ रूप जपणाऱ्या पेठेच्या समितीतल्या एका बाईंनी विचारलं, सहावी नवी कशी? काका चटकन म्हणाले, “माझ्या हातून फुटली.” ती मी फोडली होती, हे आज इथे लिहून देतो.

पंचाहत्तरीतही काका शिडीवर चढतात आणि खाली उभ्या असलेल्या मला सूचना देतात. त्यांचे गुडघे, नजर आणि हा हट्ट शंभरीपर्यंत शाबूत राहो.

गेल्या उन्हाळ्यात एका हॉटेलवाल्याने घर विकत मागितलं. अट एकच: वरची खोली फक्त मुक्कामाच्या पाहुण्यांसाठी. काकांनी त्याला चहा पाजला आणि नकार दिला. आकडा मी स्वतः कागदावर पाहिला आहे: नऊ लाख चाळीस हजार डॉलर.