नारळाची परीक्षा आणि आईचा फणस

टीव्हीवरच्या विज्ञानाच्या कार्यक्रमांनी पाणाड्यांची, ग्रहांच्या खड्यांची आणि हात न लावता दुखणं काढणाऱ्यांची परीक्षा घ्यावी की नाही, यावर आमच्या कॉलेजच्या स्टाफरूममध्ये अधूनमधून भांडण होतं. रसायनशास्त्राचे सर म्हणतात, घेऊ नये. अशा माणसाला कॅमेऱ्यासमोर उभं केलं की तो हरला तरी प्रसिद्ध होतो. मी गोंदियात पोरांना भौतिकशास्त्र शिकवते आणि माझं मत उलट आहे. घ्यावी, जरूर घ्यावी. फक्त त्या दिवशी माझ्या आईला घराबाहेर पाठवावं.

केशोरीजवळच्या आमच्या गावात माझे मोठे बाबा, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ, पाणाड्या म्हणून नावाजलेले. तळहातावर नारळ आडवा ठेवायचा, अनवाणी चालायचं आणि नारळ आपसूक उभा राहील तिथे बोरिंग मारायचं. पाणी लागलं तर ते नारळाचं यश. नाही लागलं तर बोरिंगवाल्याने मशीन हातभर सरकवलं, किंवा मालकाच्या मनात शंका होती. माझ्या मनात तर शंकेशिवाय दुसरं काही नसतं, त्यामुळे ते काम करत असले की मला लांब उभं करत.

तशी त्यांची चूक क्वचितच निघे, आणि त्यातही नवल नव्हतं. आमचा मुलूख तलावांचा आणि धानाच्या बांध्यांचा, म्हणजे भातखाचरांचा. खोल गेलं की बहुतेक ठिकाणी थोडंफार पाणी लागतंच. पण हे त्यांना सांगून उपयोग नव्हता. मी एकदा समजावलं होतं की हाताचे स्नायू नकळत हलतात, आपल्याला वाटतं नारळ हलला.

"तुये स्नायू हलत असन," ते म्हणाले. "माये नाई हलत."

हे सगळं हसण्यावारी चाललं होतं. मग घरच्या विहिरीने एका उन्हाळ्यात तळ दाखवला आणि मोठे बाबा नारळ घेऊन आमच्याच वाडीत उतरले. वाडी म्हणजे घरामागची मोकळी जागा, भाजीपाल्याची. ती चांगली ऐसपैस आहे. पण नारळ उभा राहिला तो नेमका आईच्या फणसाला टेकून.

"अठी," मोठे बाबा म्हणाले. "फणस काढा लागते."

तो फणस आईने लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी जाऊन आल्यावर लावला होता. चिचगडच्या जंगलाशेजारचं तिचं घर. तिथून पदरात बांधून आणलेली आठळी. आता तिथे ना तिचे आईवडील, ना ते घर. राहिलं ते हे झाड, आणि दरवर्षी त्याची भाजी खाताना आम्हाला ऐकावी लागणारी चिचगडची वर्णनं.

तर मग आईने नाही का म्हटलं नाही? कारण मोठे बाबा तिचे भासरे, नवऱ्याचे थोरले भाऊ. आमच्याकडे जुन्या वळणाची बाई भासऱ्यांसमोर पदर घेते आणि त्यांच्याशी एक शब्द बोलत नाही. लग्न होऊन आल्यापासून आई त्यांच्याशी थेट बोललेली नव्हती. दोघं दोन हातांवर असले तरी सगळं बोलणं माझ्यामार्फत चाले.

"सांग तुया मोठ्या बाबाले, चा झाला."

"तुया मायले म्हनाव, साखर कमी टाक."

मी मधे उभी, टेलिफोनच्या खांबासारखी. बाबा वारल्यापासून तर घरात मोठ्या बाबांचाच शब्द. फणसाचं ऐकून आई दाराआड गेली. त्या दिवशी वरणात मीठ दोनदा पडलं.

मी खवळले. गोंदियाला परतल्यावर विज्ञानाच्या एका टीव्ही कार्यक्रमाला कळवलं, आमच्या घरी एक पाणाड्या आहे, येऊन परीक्षा घ्या. विज्ञानाची सेवा वगैरे माझ्या डोक्यात नव्हती. मला फणस वाचवायचा होता. मोठ्या बाबांना वाटलं, पुतणी सुधारली.

"जिंकलो तं फणस जाईन," ते म्हणाले. "हारलो तं हा नारळ फोडतो आन् साऱ्या गावात परसाद वाटतो. मंग पुन्हा हातात नाई धरत."

याहून सरळ सौदा कोणता? मोठे बाबा हरणार याची मला खात्री होती. मी मनातल्या मनात खोबरं खाऊनही टाकलं होतं.

टीव्हीवाले एप्रिलमध्ये आले. निवेदक तरुण, नम्र, आणि आमच्या उन्हाने तासाभरात टोमॅटोसारखा झालेला. त्यांनी अंगणात नवे कोरे मातीचे माठ रांगेने मांडले. एकच पाण्याने भरला, बाकी रिकामे. सगळ्यांवर झाकण्या आणि वरून पोती. मोठ्या बाबांना आधीच गावच्या दुसऱ्या टोकाला एका शेजाऱ्याकडे बसवून ठेवलं होतं, म्हणजे चोरून बघायला नको. ज्याने माठ भरला त्यालाही परीक्षा संपेपर्यंत गाडीतच बसवून ठेवायचं ठरलं, म्हणजे त्याच्या चेहऱ्यावरून उत्तर कळायला नको. इतकी सुंदर शिस्त पाहून मला भरून आलं. मग सगळे आमच्याकडच्या प्रतापगडाच्या डोंगराचं चित्रीकरण करायला गेले आणि वाट दाखवायला मीही गेले. अंगणाकडे लक्ष ठेवायचं काम आईवर सोपवलं. तिला मी बजावलं होतं की माठांजवळ कोणालाही जाऊ द्यायचं नाही. तिने ते अक्षरशः पाळलं. एक कुत्रंसुद्धा फिरकू दिलं नाही.

परत आलो तर अंगणाभोवती अख्खं गाव. आईने सगळ्या पाहुण्यांना फणसाची भाजी वाढली. निवेदकाने दोनदा मागून घेतली. मग मोठ्या बाबांना आणलं. धुतलेलं धोतर, डोक्याला तेल, हातावर नारळ.

पहिल्या माठापाशी नारळ उभा राहिला. गावाने टाळ्या वाजवल्या. दुसऱ्यापाशीही उभा राहिला. टाळ्या जरा कमी झाल्या. तिसऱ्यापाशी पुन्हा तेच झालं तेव्हा मोठ्या बाबांनी नारळाकडे अशा नजरेने पाहिलं, जशा नजरेने ते नांगराला जुंपलेल्या हट्टी बैलाकडे पाहत. रांग संपेपर्यंत नारळ एकदाही आडवा राहिला नाही. त्यांनी कपाळावरचा घाम पुसला.

"आईकूनच नाई राहिला आज," ते पुटपुटले.

निवेदक कॅमेऱ्याकडे वळला. अपेक्षा, स्नायूंच्या नकळत होणाऱ्या हालचाली, सगळं त्याने सोप्या भाषेत सांगितलं. माझ्याच वर्गात बसून शिकल्यासारखं. खरं सांगायचं तर मला एका बाजूने आनंदाने नाचावंसं वाटत होतं आणि दुसऱ्या बाजूने त्या म्हाताऱ्या माणसाकडे बघवत नव्हतं.

मग माठ उघडले.

पहिला भरलेला. दुसरा भरलेला. निवेदक भराभर झाकण्या काढत सुटला. सगळे माठ काठोकाठ भरलेले होते. मग जी काय आरडाओरड झाली ती बहुधा प्रतापगडापर्यंत पोचली असेल. कॅमेरावाल्याचा कॅमेरा हसण्याने हलत होता. मोठे बाबा नारळ डोक्यावर घेऊन नाचत होते.

"हे कोणी भरले?" निवेदकाने रडवेल्या आवाजात विचारलं.

"मी भरले," आई पडवीतून म्हणाली. पाहुण्यांशी बोलायला तिला कसलीच आडकाठी नव्हती.

"पण का, काकू?"

"काऊन म्हंजे? पाहुने येऊन राहिले, अंगनात रिकामे माठ मांडून ठेवा का? कोनी मेलं का घरात? आन् कोरा माठ पह्यले भरूनच ठेवा लागते, नाई तं चिरते उनात. तुमचेच माठ वाचवले, बाप्पा."

विहिरीच्या तळाला उरलेलं पाणी घागरी-घागरीने ओढून, उन्हात, कमरेत उसण भरेपर्यंत तिने ते भरले होते. वर झाकण्या होत्या तशा ठेवून पोती नीट सारखी केली होती. निवेदक खाली बसला. त्याच्या नियमावलीत सगळ्या लबाड्यांचा बंदोबस्त होता, पण रीतभात पाळणाऱ्या बाईचा नव्हता. मी तर डोकं धरलं. आईने स्वतःच्या हाताने स्वतःचा फणस तोडायला दिला होता.

"पाह्यलं का?" मोठे बाबा गावाला म्हणाले. "टीव्हीनं पास केलं मले. एक बी माठ चुकला नाई. उद्याच कुऱ्हाडवाला बोलावतो."

मी पुढे होऊन प्रयोग बाद झाला, निकाल धरता येत नाही, असं काहीतरी बोलू लागले. गलक्यात कोणाला ऐकू येणार? तेवढ्यात आई पडवीची पायरी उतरली. पदर डोक्यावर होता, तो तिने आणखी पुढे ओढला आणि सरळ मोठ्या बाबांसमोर जाऊन उभी राहिली.

"सारे माठ भरले निंगाले ना?" ती म्हणाली. माझ्याकडे न बघता. "पानी सबन जागी हाये. मंग बोरिंग माया फणसाखालीच काऊन?"

ती भासऱ्यांशी बोलली होती, अख्ख्या गावासमोर. एका म्हातारीने तोंडावर हात ठेवला.

"तुमचा नारळ पानी कठी हाये ते सांगते," आई म्हणाली. "कठी नाई ते सांगते का? तशी एक जागा दाखवा. तेवढी जागा सोडून कठी बी मारा."

मी विज्ञान शिकवते, पण हा प्रश्न मला सुचला नव्हता आणि टीव्हीवाल्यांनाही नाही. मोठ्या बाबांनी नारळाकडे पाहिलं, माठांकडे पाहिलं. मग सवयीने माझ्याकडे वळून म्हणाले, "तुया मायले सांग..." आणि तिथेच अडकले. काय सांगणार होते कोणास ठाऊक. त्यांनी नारळ खाली ठेवला आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा आईकडे तोंड करून बोलले.

"मंग तूच सांग. कठी मारू?"

आई काही विचार करत बसली नाही. स्वयंपाकघराच्या मागच्या दारापाशी गेली आणि पायाच्या अंगठ्याने मातीत रेघ ओढली. "अठी. मले घागर घेऊन वाडीभर फिरा लागते." इतकी वर्षं घरात पाणी तिनेच भरलं होतं आणि ते कुठे हवं हे तिला कोणी विचारलं नव्हतं, मीसुद्धा नाही. मला तिथेच रडू फुटलं. निवेदकाला वाटलं, प्रयोग फसला म्हणून रडते, आणि त्याने बिचाऱ्याने माझी समजूत काढली.

बोरिंग तिथेच मारलं. पाणी लागलं. मोठे बाबा गावात सांगतात की नारळाने सगळीकडे पाणी दाखवलंच होतं. कार्यक्रमाचा तो भाग टीव्हीवर कधी दिसला नाही. स्टाफरूममध्ये सर मला अजून विचारतात की शेवटी सिद्ध काय झालं, आणि मी विषय बदलते.

परवा गावी गेले तर आई मोठ्या बाबांना झापत होती. चपला दारात कायले टाकल्या, औषध काऊन घेतलं नाही, आणि साखर कमी हवी तर गूळ चोरून कायले खाता. मधे खांबाची गरज उरलेली नव्हती, म्हणून मी आपली फणसाखाली बाजेवर बसले. जरा वेळाने मोठे बाबा हळूच माझ्याजवळ येऊन टेकले.

"त्या टीव्हीवाल्याईले पुन्हा नोको बोलावजो, माय," ते म्हणाले. "तवापासून तुयी माय थांबूनच नाई राहिली."