काळी दोन

पौषातला सोमवार, १९४१, कुरुंदा. हजर: पेटीचे हुसेनमास्तर, माझी आंधळी धाकटी बहीण गया, आई आणि मी.

आज पेटी पुसताना भात्याच्या जुन्या चामड्याचा वास आला आणि ती दुपार आठवली. गया पेटी शिकू शकेल का, हे पाहायला मास्तर वसमतहून आले होते. ते नाही म्हणाले असते, तर दुसरं कोणी येणार नव्हतं.

"काळी दोनवर बोट ठेव," मास्तर म्हणाले. गयाचा हात पेटीवर अधांतरी थांबला.

"काळी कशी असती, मास्तर?"

मास्तरांनी तिचं बोट पट्ट्यांवरून फिरवलं. "बोटाला उंच लागती ती काळी, बेटी. खाली लागती ती पांढरी."

"मंग तसंच सांगा की. रंग काहून सांगून राहिले तुमी?"

"गये, नीट बोल," आई म्हणाली. मलाही ती उद्धट वाटली. आता वाटतं, त्या दिवशी खरी शिकवणी मास्तरांची झाली.

मास्तर हसले. "शिकल ही. उद्यापासून येतो."

जाताना त्यांनी आपली धड्यांची वही मला दिली. पुढच्या आंधळ्या लेकरासाठी त्यातले सगळे रंग खोडून उंच-खाली लिहायला सांगितलं. आजवर माझी सात पानं झाली आहेत. बाकीची वही तशीच आहे.