शालूबाईचा काटा आणि जनकाबाईची म्हैस

शालूबाई लेकरं तोलून खामगावले विकते, ही बातमी वरवट बकालात तिच्याआधी येऊन पोचली. "कापसावानी तोलते म्हणते बाई! जड भरलं का भाव जास्त!" विहिरीवर आशाबाई डोळे गरगर फिरवत सांगायची. शालूबाई आमच्या गल्लीत शिरली तर धाड धाड दारं लागली.

खरं सांगते, ती काहीच विकत नव्हती. अमडापूरची बाई, नागपूरला शिकलेली. महाराष्ट्र होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. आमच्याकडची इतकी लेकरं जन्मल्यावर आठवडाभरातच का जातात, याचा शोध घ्यायला ती आली होती. काटा मात्र होता. तो आढ्याला टांगायचा, खाली झोळी, झोळीत लेकरू. वजन वाढतं की घटतं, आई काय खाते, लेकराच्या तोंडात पहिल्यांदा काय गेलं, हे ती घरोघरी विचारी.

पण विचारायची कशी! "आपण गरोदरपणी कोणता आहार घेत होता?" मान तिरकी, ओठ चिमटलेले. बाया एकमेकींकडे बघत बसत. मी देवळामागं तिची हुबेहूब नक्कल करत होते, पोरी हसून लोळत होत्या, आणि मागं पाहते तर शालूबाई! मी गार.

"पुन्हा कर," ती म्हणाली. केली.

"अशी बोलते मी? अगं बाई! मग मला कोण उत्तर देणार? आता हेच तुझ्या आईसारखं विचार."

मी कमरेवर हात ठेवला. "काय वं, पोटुशी होती तवा काय खाऊ वाटे तुले? भेटे का, का सासू आधी जेवे?"

शालूबाईनं टाळीच वाजवली. दुसऱ्या दिवसापासून ती तस्संच विचारू लागली. बाया हसल्या, आणि एकेक दार उघडलं.

आमच्या घरी तेव्हा मंजुळावहिनीचे दिवस भरत आले होते. तिचं पहिलं लेकरू आठवडा काढू शकलं नव्हतं. आता वहिनी जेवताना मधेच थांबे आणि पोटावर हात ठेवून बसे. रीत अशी, की आईचं पहिलं पिवळं दूध, म्हणजे चीक, पिळून फेकायचा आणि तिसऱ्या दिवसापर्यंत लेकराला गुळाच्या पाण्याचा बोळा चोखवायचा. शालूबाई म्हणे, तो चीकच लेकराला तारतो. पण घरात शब्द चाले सुईण जनकाबाईचा.

"जनकाबाई पहिल्या दिवशी पाजू देईल? कधीच नाही!" मी म्हणाले. "लावा पैज."

"लावली. तू जिंकलीस तर खामगावला सिनेमा. हरलीस तर बाजाराच्या दिवशी सूर्य मावळेपर्यंत कोणाचीच नक्कल नाही."

मी मनातल्या मनात तिकीट काढूनसुद्धा टाकलं.

दुपारी वहिनीला मुलगा झाला. बारीक, लालबुंद, मुठी आवळलेला. जनकाबाई बोळा भिजवत बसली. शालूबाई उंबऱ्यात टेकली आणि तिनं भलतंच विचारलं, "जनकाबाई, म्हैस व्याली म्हणे तुमची?"

"हाव, वगार झाली!" जनकाबाई फुलली. "पडल्या पडल्या पुसली, उभी केली, थानाले लावली."

"चीक पाजला?"

"मंग! चीक नाही भेटला त वगार जगते का? नागपूरले काय शिकली वं तू?"

शालूबाईनं नुसतं लेकराकडे पाहिलं. लेकरू मान वळवून हवेतच ओठ मारत होतं. त्याचा चप् चप् आवाज तेवढा ऐकू येत होता. जनकाबाईचा बोळा हातातच राहिला.

"वगारीची गोष्ट येगळी हाय," ती म्हणाली.

"हाव, येगळी हाय," शालूबाई म्हणाली.

लेकरू रडायला लागलं. जनकाबाईनं एकदा वहिनीच्या तोंडाकडे पाहिलं आणि बोळा वाटीत आपटला. "माह्याकडे काय पाहून राह्यली वं मंजुळे? घे, लाव त्याले!"

आणि तो चिकटला की हो! वहिनी हसत होती, रडत होती, दोन्ही एकदम. तरी आठवडा सरेपर्यंत घरात कोणी मोठ्यानं बोललं नाही. पुढं शालूबाईनं त्याला झोळीत घातला, तर काटा सरकला खाली, वजन वाढलं होतं! भाऊ अंगणात नाचला, आणि पोट्ट्यानं झोळी ओली केली.

मग आला बाजार. वांग्यांच्या ढिगापाशी जनकाबाई पदर खोचून उभी, भोवती पाच-पंचवीस बाया. "म्याच म्हणलं, लाव त्याले! चीक पाजला म्हणून त जगलं! हे नागपूरवाली नुसती पाहत बसली होती!" नथ अशी उडत होती, हात असा हवेत! तो आवाज माझ्या घशात तयार होऊन बसला.

"हाव," शालूबाई वांगी निवडता निवडता सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "जनकाबाईनंच पाजलं. तुम्हीबी तिलेच विचारा."

मग माझ्याकडे न बघता हळूच, "ओठ मिट, पोरी. ऊन हाय अजून."